ॲटनबरो : एका विरळ इंग्रजी आडनावाची उत्पत्ती आणि पसारा

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या डाव्या काठाला ॲटनबरो हे लहानसे गाव आहे. सेंट मेरीचे जुने दगडी चर्च, त्याच्या आसपास घरे, एका बाजूला लोहमार्ग आणि दुसऱ्या बाजूला पाणथळ. या गावाचे नाव आडनाव म्हणून लावणारी माणसे इंग्लंडमध्ये फार नाहीत. स्मिथ किंवा जोन्स आडनावाची माणसे लाखांनी मोजावी लागतात, ॲटनबरोंची मोजणी त्या मानाने चटकन संपते. चित्रपट दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपटकार डेव्हिड या दोघा भावांमुळे हे नाव जगभर ओळखीचे झाले. त्यामुळे ते विरळ असल्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

गावाचे नाव आडनावाहून कितीतरी जुने आहे. ते जुन्या इंग्रजीतले असून त्याचे तीन तुकडे पडतात. पहिला तुकडा ॲडा किंवा ॲडी अशा कोणा माणसाच्या नावाचा, दुसरा ‘इंग’ म्हणजे ‘त्याच्याशी निगडित’, आणि तिसरा ‘बुर्ह’. थोडक्यात, ॲडाचे बुर्ह. हा ॲडा कोण होता याची नोंद कुठेही उरलेली नाही, उरले आहे ते त्याच्या ठाण्याचे नाव.

‘बुर्ह’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. आजच्या इंग्रजीतला ‘बरो’ याच शब्दापासून आला आणि त्याचा अर्थ नगर किंवा शहराचा विभाग असा होतो. कँटरबरी, सॅलिसबरी या नावांच्या शेवटी असलेला ‘बरी’ हेही त्याच शब्दाचे एक विभक्तिरूप आहे. मूळ अर्थ मात्र नगराचा नव्हता. बुर्ह म्हणजे भोवती कूस, खंदक किंवा तटबंदी घालून सुरक्षित केलेली जागा. ती राजाची असे, सरदाराची असे किंवा एखाद्या मातब्बर माणसाची असे. नवव्या शतकात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने केलेल्या कायद्यांत दुसऱ्याच्या कुसाच्या आत जबरदस्तीने घुसणाऱ्याला दंड सांगितला आहे. राजाचे बुर्ह मोडले तर १२० शिलिंग, आर्चबिशपचे मोडले तर ९०, इतर बिशपचे किंवा सरदाराचे मोडले तर ६०. सामान्य शेतकऱ्याच्या घराभोवतीचे कुंपण मोडणाऱ्याला ५ शिलिंग पडत, आणि कायद्याने त्या कुंपणाला ‘बुर्ह’ हा मान दिलेला नाही, त्यासाठी वेगळाच शब्द वापरला आहे. त्यावरून एवढे उघड होते की ज्याच्या जागेला बुर्ह म्हणत तो ॲडा अगदीच किरकोळ माणूस नसावा.

आल्फ्रेडच्या आधीच्या आणि नंतरच्या काही इंग्लिश राजांचे कायदे मूळ भाषेतून संपादित करून, इंग्रजी भाषांतरासह १९२२ मध्ये केंब्रिजहून एका अभ्यासकाने प्रसिद्ध केले. अँग्लो-सॅक्सन काळाच्या अभ्यासात ते पुस्तक पुढे दीर्घकाळ हाताशी राहिले. संपादकाचे नाव फ्रेडरिक लेव्ही ॲटनबरो. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील. स्वतःच्या आडनावात दडलेल्या शब्दाची व्याप्ती त्या शब्दाच्या जन्मकाळच्या कायद्यांतून तपासण्याची संधी फार थोड्या माणसांना मिळते.

या आडनावाचा आणखी एक उलगडा सांगितला जातो. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ म्हणजे ‘अमक्यापाशी’. त्यातून बरीच आडनावे निघाली. ॲश झाडापाशी राहणारा तो ‘ॲटन ॲश’. बोलताना ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि त्याचा ‘नॅश’ झाला. ओक झाडांपाशी राहणारा त्याच रीतीने ‘नोक्स’ झाला. रानापाशी राहणारा ॲटवुड, विहिरीपाशी राहणारा ॲटवेल. मग ‘ॲटन बरो’, म्हणजे गढीपाशी राहणारा, असे का नसावे? ऐकायला हे पटते. पण जुन्या इंग्रजीत ‘बुर्ह’ हे स्त्रीलिंगी नाम होते आणि स्त्रीलिंगी नामाआधी ‘ॲटन’ नव्हे तर ‘ॲटर’ येत असे. गढीपाशी राहणाऱ्याचे आडनाव त्या नियमाने ‘ॲटरबरी’ व्हायला हवे, आणि ते आडनाव इंग्लंडमध्ये खरोखरच आहे. आडनावे रुजण्याच्या काळापर्यंत नामांची लिंगे पुसट होत चालली होती, त्यामुळे केवळ व्याकरणावर निकाल देता येत नाही. तरीही गाव समोर उभे आहे आणि आडनावाची माणसे त्याच गावाच्या भोवती सापडतात. या दोन गोष्टींचे वजन ‘ॲटन’च्या तर्काहून कितीतरी जास्त आहे.

गावावरून आडनाव कसे पडते, याची रीत सहसा ध्यानात येत नाही. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे असतात. माणूस गाव सोडून चार कोस पलीकडे राहायला गेला की नव्या ठिकाणचे लोक त्याला ‘अमुक गावचा’ म्हणू लागतात. मराठीतली नगरकर, सातारकर ही आडनावे बऱ्याच अंशी अशीच पडली. त्यामुळे पहिला ॲटनबरो हा ॲटनबरो सोडून गेलेला माणूस असणार, आणि तो फार लांब गेलेला नसणार. लांब गेला असता तर इतके लहान गाव तिथे कोणाला ठाऊक असते? लोकांनी मग त्याला काउंटीच्या नाहीतर एखाद्या मोठ्या शहराच्या नावाने ओळखले असते.

या रीतीचा उलटा पुरावा खुद्द गावातच मिळतो. ॲटनबरोचा इतिहासातला सर्वांत नामांकित सुपुत्र म्हणजे हेन्री आयर्टन. त्याचा जन्म १६११ मध्ये येथे झाला. इंग्लंडच्या यादवी युद्धात तो पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी होता, ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई होता आणि १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर त्याचीही सही आहे. त्याचे घराणे ॲटनबरोत राहत होते, म्हणून त्याचे नाव ॲटनबरो नव्हते. आयर्टन हेदेखील गावाचेच नाव, पण ते शेजारच्या डर्बीशर काउंटीतले. आयर्टनचे लोक ॲटनबरोत आले म्हणून ते आयर्टन राहिले, आणि ॲटनबरोचे लोक दुसरीकडे गेले म्हणून ते ॲटनबरो झाले.

इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाण्याची पद्धत नॉर्मन स्वारीनंतर म्हणजे १०६६ नंतर सरदारवर्गात सुरू झाली. सामान्य लोकांत ती मुख्यतः तेराव्या आणि चौदाव्या शतकांत रुजली, दक्षिणेत आधी आणि उत्तरेत मागाहून. त्याला सरकारी कागदाचाही हातभार लागला. १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये डोईपट्टी बसली तेव्हा वसूल करणाऱ्यांना एका गावातले पाच जॉन वेगवेगळे ओळखावे लागले. १४१३ च्या एका कायद्याने फिर्यादीत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिणे सक्तीचे झाले. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवायला लावली. या वह्यांमुळे साध्या शेतकऱ्याचा वंश मागे शोधता येतो. जिथे त्या वाळवीने, ओलीने किंवा हयगयीने गेल्या, तिथे माग तुटतो.

वहीत आडनाव लिहिणारा चर्चचा पाद्री किंवा कारकून असे. सांगणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे. कानाला जसे लागले तसे कागदावर उतरले. म्हणून ॲटनबरो, ॲटनबॅरो, ॲटनबुरो अशी रूपे एकाच परिसरात आढळतात, आणि शेवटच्या अक्षरांची लेखनपद्धतीही निरनिराळी दिसते. अठराव्या शतकापर्यंत एकाच माणसाचे नाव लग्नाच्या नोंदीत एक आणि दफनाच्या नोंदीत दुसरे असणे यात कोणालाही वावगे वाटत नसे. १८३७ मध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि शाळांमुळे सही करता येणारे वाढले, तेव्हा कुठे प्रत्येक घराण्याचे स्पेलिंग त्या त्या रूपात गोठले. आज वेगळे स्पेलिंग लावणारी घराणी स्वतःला वेगळ्या वंशाची समजत असली, तरी ती फाटाफूट बहुधा कारकुनाच्या लेखणीची असते.

१८८१ च्या जनगणनेचे इंग्लंड-वेल्सचे तपशील माणूसवार उपलब्ध असल्याने आडनावांचे नकाशे तयार करण्यासाठी अभ्यासक तिचाच आधार घेतात. ॲटनबरोंचा नकाशा काढला तर गर्द रंग नॉटिंगहॅमशरवर येतो, त्याला लागून डर्बीशर, आणि मग लंडन. म्हणजे आडनाव पडून पाच-सहाशे वर्षे लोटली तरी बहुतेक वंशज गावापासून एका दिवसाच्या चालीत होते. याचे कारण त्या भागातल्या रोजगारात आहे. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचा माग काढला. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत हा माग ट्रेंटच्या खोऱ्यातल्या घराघरांत पोचला. त्यातूनच एकोणिसाव्या शतकात यंत्राने लेस विणण्याचा धंदा उभा राहिला आणि बीस्टन, स्टेपलफर्ड, लाँग ईटन या गावांत लेसचे कारखाने आले. शेतीतून सुटलेल्या हाताला शेजारच्या गावातच काम मिळाले, मग दूर जायचे कशाला? हेन्री गपी या निसर्गअभ्यासकाने १८९० मध्ये ब्रिटनमधल्या आडनावांच्या मायभूमी शोधताना फक्त शेतकऱ्यांची आडनावे घेतली, कारण सगळ्यांत कमी हलणारा वर्ग तोच, असा त्याचा हिशेब होता. ॲटनबरोंच्या मुलखात विणकरही तितकेच स्थिर राहिलेले दिसतात.

लंडनची शाखा मात्र वेगळ्या धंद्यात पुढे आली. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ॲटनबरो हे नाव दागिन्यांच्या आणि गहाणवटीच्या दुकानांवर झळकत होते. फ्लीट स्ट्रीट आणि चॅन्सरी लेन यांच्या कोपऱ्यावर जॉर्ज ॲटनबरो अँड सन यांची पेढी होती. वकील, वार्ताहर आणि छापखान्यांनी गजबजलेली ही वस्ती, आणि अडल्या वेळी घड्याळ किंवा चांदीची भांडी ठेवून पैसे उचलणारी गिऱ्हाइकेही त्यांतलीच. याच धंद्यामुळे हे आडनाव इंग्लिश कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत गेले. १८७८ मध्ये वारलेल्या एका गृहस्थाच्या इस्टेटीतली चांदीची भांडी त्याच्या मृत्युपत्राच्या एका व्यवस्थापकाने १८९२ मध्ये ॲटनबरो पेढीकडे ६५ पौंडांना गहाण टाकली. हा प्रकार त्या व्यवस्थापकाच्या मृत्यूनंतर उघडकीला आला. वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि निकाल पेढीच्या विरुद्ध लागला. इतक्या वर्षांनी ती भांडी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाच्या ताब्यात राहिलेली नसून वारसांसाठी सांभाळायची ठेव झालेली होती, म्हणून एकट्याने ती गहाण ठेवण्याचा अधिकारच त्याला नव्हता, असे न्यायमूर्तींनी ठरवले. पेढीने प्रामाणिकपणे पैसे दिले होते, तरी भांडी परत करावी लागली. ‘ॲटनबरो विरुद्ध सॉलोमन’ हा खटला १९१३ च्या निकालसंग्रहात आहे आणि विश्वस्तांचा कायदा शिकणाऱ्याला तो आजही वाचावा लागतो.

एखादे आडनाव विरळ का राहते, हा प्रश्न व्हिक्टोरियन काळात गणिताने सोडवण्याचा प्रयत्न झाला. मोठमोठी घराणी निपुत्रिक होऊन नामशेष होताना दिसत होती. फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये याबद्दल जाहीर प्रश्न मांडला, हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने त्यावर उत्तर लिहिले आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध वाचला गेला. एका पुरुषाला मुलगा न होणे, एक होणे, दोन होणे यांच्या शक्यता धरून पिढ्यान्पिढ्या हिशेब करायचा, अशी ती पद्धत. वॉटसनने काढलेला शेवटचा निष्कर्ष, की प्रत्येक आडनाव कधीतरी नष्ट होणारच, चुकीचा होता. दरडोई मुलग्यांची सरासरी एकाहून जास्त असेल तर काही वंश टिकतात. पण त्या पद्धतीने एक गोष्ट पक्की दाखवली. ज्या नावाचा मूळपुरुष एकच, ते नाव पहिल्या दोन-तीन पिढ्यांत मरण्याची धास्ती सर्वांत मोठी असते. एक-दोन मुलग्यांवर सगळी भिस्त असते. त्यातच १३४८-४९ मध्ये प्लेगची महामारी आली, नेमक्या त्या काळात जेव्हा आडनावे नुकतीच मूळ धरत होती. लहान गावांवरून पडलेली असंख्य आडनावे तेव्हा कागदावर एकदा उमटून कायमची गेली. ॲटनबरो त्यांतून वाचलेले नाव आहे.

ही सगळी मंडळी एकाच पुरुषाची संतती आहे का, हे कागदावरून सिद्ध करणे कठीण होते. सोळाव्या शतकाच्या मागे वह्याच नाहीत. त्याचे उत्तर आनुवंशविज्ञानातून मिळाले. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आणि इंग्लंडमध्ये आडनावही तसेच जाते. मग एका आडनावाचे पुरुष गोळा करून त्यांची वाय गुणसूत्रे जुळतात का, एवढे पाहायचे. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जोब्लिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे नमुने तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या आडनावात कोणत्याही दोन पुरुषांचे नाते वाटेत भेटणाऱ्या दोन अनोळखी माणसांइतकेच निघाले, कारण लोहार गावोगाव होते आणि प्रत्येकापासून नाव स्वतंत्रपणे पडले. आडनाव जितके विरळ तितकी गुणसूत्रे जुळण्याचे प्रमाण वाढत गेले. ॲटनबरो हे त्यांतले ठळक उदाहरण ठरले. स्पेलिंग कोणतेही असो, दहांतल्या जवळपास नऊ पुरुषांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले, आणि तो प्रकार ब्रिटनमध्ये एरवी क्वचितच आढळणाऱ्या ‘ई’ गटातला होता. सामान्य गटातले असते तर योगायोगाची शंका घेता आली असती, इथे तशी जागा फारशी उरत नाही. विरळ आडनावांतल्या अशा वंशगटांचे वय सरासरी साडेसहाशे वर्षांच्या आसपास येते, म्हणजे आडनावे रुजण्याच्याच काळात.

उरलेल्या दहांतल्या एकाचे काय? दत्तक घेणे, आईचे आडनाव लावणे, विधवेच्या मुलांनी सावत्र बापाचे नाव घेणे, विवाहबाह्य संतती, अशी अनेक कारणे असू शकतात. अशा घटनांचे प्रमाण या अभ्यासात दर पिढीला सुमारे १ ते साडेचार टक्के आले. साधा हिशेब केला तरी दर पिढीला २ टक्के धरल्यास २० पिढ्यांत जवळपास एक तृतीयांश पुरुषांचे गुणसूत्र बदललेले असते. ॲटनबरोंमध्ये ते त्याहून बरेच कमी बदलले. याचा अर्थ मूळपुरुष एकच होता असा ठामपणे लावता येत नाही. सुरुवातीला दोन-तीन घराणी असतील आणि बाकीची मुलग्यांअभावी खुंटून एकच फोफावले असेल, असेही घडू शकते. नाव विरळ असेल तर दोन्ही वाटा आजच्या घडीला एकाच चित्राशी येऊन मिळतात. पण गढीपाशी राहणारे अनेक गावांतले अनेक लोक आणि त्या सगळ्यांचे एकच आडनाव, ही ‘ॲटन बरो’ची कल्पना या आकड्यांपुढे आणखी लंगडी पडते.

आडनाव जगाला माहीत करून देणारे घराणे गावाच्या अगदी जवळचे. फ्रेडरिक ॲटनबरो यांचा जन्म १८८७ मध्ये स्टेपलफर्डला झाला. मूळ गावापासून हे अंतर सरळ रेषेत चारेक किलोमीटर भरते. पुढे ते केंब्रिजला शिकले, १९३२ मध्ये लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९५१ पर्यंत त्या पदावर राहिले. त्याच संस्थेचे १९५७ मध्ये विद्यापीठ झाले. तिथे १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांची पद्धत शोधली आणि तिथेच आडनावांवरचे ते संशोधनही पार पडले. विद्यापीठाच्या आवारातल्या अठरा मजली इमारतीला फ्रेडरिक यांचे आडनाव दिलेले आहे.

थोरला मुलगा रिचर्ड याच्यामुळे हे नाव महाराष्ट्रातही घरोघरी गेले. त्याचा ‘गांधी’ १९८२ मध्ये पडद्यावर आला आणि त्याला आठ ऑस्कर मिळाली. त्यात कस्तुरबांच्या भूमिकेत पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी होत्या, तर गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका श्रीराम लागू यांनी केली होती. भारत सरकारने १९८३ मध्ये रिचर्ड ॲटनबरोला पद्मभूषण दिले.

मूळ गावाचे रूपही विसाव्या शतकात पालटले. १९२९ पासून नदीकाठच्या शेतांतून वाळू आणि खडी काढायला सुरुवात झाली. उपसा झालेल्या खाणींत पाणी साठले, त्यांची तळी झाली, तळ्यांवर बदके आणि पाणकावळे आले. १९६६ मध्ये तिथे राखीव निसर्गक्षेत्र झाले आणि त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते करण्यात आले. २००५ मध्ये तिथल्या माहिती केंद्राच्या उद्घाटनालाही तेच होते. फाटकावर ‘ॲटनबरो निसर्गक्षेत्र’ असे वाचून ते त्यांच्या नावाने ठेवले आहे असे वाटणे साहजिक आहे. पण ते नाव गावाचे आहे, आणि त्यांनाही ते गावाकडूनच आले.